दुसऱ्या पसंतीची रात्र

मतदानाच्या दिवशी मी केंद्रात जेमतेम दोन मिनिटं होते. मतपत्रिका घेतली, आडोशाला गेले, तिथल्या जांभळ्या स्केचपेनने माझ्या उमेदवारापुढच्या चौकटीत १ लिहिला, घडी घातली, पेटीत टाकली. बोटावरची शाई वाळायच्या आत बाहेर. कागदावर वीसच्या वर नावं होती आणि एक सोडून सगळ्या चौकटी कोऱ्या राहिल्या. ते कोरेपण मला खटकलं नाही, उलट आपण किती ठाम आहोत असं वाटलं. मला एकच माणूस निवडून यायला हवा होता. त्याच्या कार्यकर्त्यांनीही घरी येऊन हेच सांगितलं होतं, “ताई, फक्त एक लिहा. दोन-तीन कुणाला देऊ नका, आपलं मत फुटतं.”

मत फुटत नाही. हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं, मतमोजणीच्या प्रशिक्षणात. तोपर्यंत माझी मतपत्रिका पेटीत गेली होती.

निवडणूक विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची होती. आपल्या विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी सात पदवीधरांच्या आणि सात शिक्षकांच्या. या मतदारयादीत आपलं नाव आपोआप येत नाही आणि एकदा आलं म्हणून टिकतही नाही. यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते. सहा वर्षांपूर्वी मत दिलं होतं या भरवशावर राहिलेले कितीतरी जण मतदानाच्या दिवशी हात हलवत परत जातात. पुन्हा नमुना १८ भरायचा, पदवीच्या प्रमाणपत्राची प्रत जोडायची, आणि १ नोव्हेंबरला पदवीला किमान तीन वर्षं झालेली हवीत. मी ते सगळं वेळेत केलं होतं. ऑफिसातल्या चौघांचे अर्जही मीच मागे लागून भरून घेतले होते. इतकी धडपड करून हातात आलेला कागद मी दोन मिनिटांत, न वाचता, अर्धवट भरून टाकला, याची रुखरुख अजून आहे.

मी सरकारी कार्यालयात लिपिक आहे. निवडणुकीची कामं आम्हाला नवीन नाहीत. विधानसभेच्या, लोकसभेच्या मोजणीला मी यापूर्वी बसले होते. तिथे काम यंत्राचं. बटण दाबायचं, आकडा वाचायचा, नमुन्यात लिहायचा, दुपारपर्यंत कल स्पष्ट होतो. या वेळी आदेशात ‘मतमोजणी सहायक’ असं वाचलं तेव्हा मी घरी सांगून टाकलं की संध्याकाळी सहापर्यंत येते.

प्रशिक्षणात ते मनातून काढून टाकावं लागलं. पसंतीक्रमाच्या निवडणुकीत यंत्र नसतं, कागदच असतो. एकही मोजणी न चुकवलेले एक नायब तहसीलदार आम्हाला शिकवायला होते. त्यांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. खोट्या मतपत्रिकांचा एक गठ्ठा टेबलावर ठेवला आणि पाच रिकामे खोके मांडले. “एवढंच लक्षात ठेवा,” ते म्हणाले. “मतपत्रिका एक, मत एक. त्यावर एक लिहिलेला असो की वीसपर्यंत सगळे आकडे, तो कागद एका वेळी एकाच खोक्यात असतो. दुसरी पसंती म्हणजे दुसरं मत नव्हे. पहिला गडी शर्यतीतून बाहेर पडला तर हा कागद पुढे कुणाकडे जाऊ दे, एवढीच ती सूचना आहे.”

मी हात वर केला. “साहेब, पण दोन नंबर दिला तर एक नंबरवाल्याचं नुकसान होतं ना?”

“कसं होईल?” त्यांनी एक मतपत्रिका उचलली, पहिल्या खोक्यात टाकली आणि वर हात ठेवला. “हा उमेदवार जोवर शर्यतीत आहे, तोवर या कागदावरची दुसरी पसंती कुणी वाचतसुद्धा नाही.”

मला घाम फुटला असं म्हणणार नाही, पण त्यानंतरची पाच मिनिटं त्यांनी काय सांगितलं ते मला आठवत नाही. माझं मतदान आदल्याच दिवशी झालं होतं.

मोजणी सकाळी आठला सुरू झाली. मोठा हॉल, तारेच्या जाळीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी. सुरुवातीला मतदानाच्या गुप्ततेचं कलम वाचून दाखवलं गेलं. पेट्या आल्या. पहिलं काम अगदी कोरडं असतं: पेटीतल्या मतपत्रिका मोजायच्या आणि केंद्राध्यक्षाने लिहून दिलेल्या आकड्याशी ताळा जुळवायचा. त्यात उमेदवार कोण, मत कुणाला, हे पाहायचंच नाही. सगळ्या केंद्रांचा हिशेब जुळला की मतपत्रिका एका मोठ्या हौदात टाकून चांगल्या मिसळतात, म्हणजे कुठल्या गावाने कुणाला मत दिलं ते कुणाला कळू नये. मग पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधायचे. हे सगळं होईपर्यंत दुपार टळली आणि अजून एकही मत कुणाच्या नावावर जमा झालं नव्हतं. जाळीपलीकडचे लोक घड्याळ पाहत होते. बाहेरून फोनवर फोन येत होते, “लीड कुणाला?” लीड कुणालाच नव्हता.

आमच्या टेबलावर हजार मतपत्रिका आल्या, चाळीस गठ्ठे. समोर लाकडी खणांची मांडणी, प्रत्येक उमेदवाराला एक खण आणि शेवटचा एक खण संशयितांचा. कागद उघडायचा, जाळीकडे धरून प्रतिनिधींना दाखवायचा, एकाचा आकडा जिथे असेल त्या खणात टाकायचा. पहिले दोनशे कागद भराभर गेले. मग संशयितांचा खण भरू लागला.

हे सगळे पदवीधर. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, मीही त्यांच्यातलीच. पण त्या खणातला एकेक कागद पाहताना जीव तुटत होता. कुणी बरोबरची खूण केली होती. कुणी सुवाच्य अक्षरात ‘एक’ असं अक्षरी लिहिलं होतं. नियम सांगतो की आकडा मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, रोमन लिहा, भारतातल्या कुठल्याही भाषेतला चालेल, पण शब्दांत नको. कुणी खिशातलं निळं पेन वापरलं होतं, तेही बाद, कारण केंद्रात दिलेल्या पेनाशिवाय दुसरं चालत नाही. कुणी दोघांपुढे १ लिहिला होता. कुणी एकाच उमेदवारापुढे १, २ आणि ३ तिन्ही लिहिले होते, बहुधा प्रेमाने. एकाने नोकरभरतीबद्दल दोन ओळींची विनंती लिहून खाली सही केली होती. मतदार ओळखू येईल असं काही कागदावर असलं की तो बाद होतो. त्या माणसाला खरोखर काही सांगायचं होतं आणि सांगायची त्याची जागा चुकली. आमच्या एका टेबलावर बाद मतपत्रिका दोन गठ्ठ्यांच्या वर गेल्या.

एका कागदावरून अर्धा तास गेला. त्यावर एकच खूण होती, वर गोल आणि खाली शेपूट. एका उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणाला, “मॅडम, हा इंग्रजी नऊ आहे. एक नाहीच यावर, बाद करा.” दुसरा जाळीला चिकटून उभा, “अहो, मराठी एक आहे तो, शाळेत गेला नाहीत का?” मी कागद उलटसुलट करून पाहिला. मराठी एक घाईत लिहिला की तो हुबेहूब इंग्रजी नऊ दिसतो, हे मला आजवर कधी जाणवलंच नव्हतं. आमच्या पर्यवेक्षकांनी तो वर पाठवला. सहायक निवडणूक निर्णय अधिकारी स्वतः टेबलाशी आले, दोघांचं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “वीस उमेदवारांत एकालाच, तीही नववी पसंती देऊन कोण घरी जाईल?” पहिला प्रतिनिधी थोडा वेळ पाहत राहिला, मग म्हणाला, “ठीक आहे साहेब.” कागद वैध धरला. तो आवाज चढवणारा माणूस एका साध्या प्रश्नावर मागे सरला, हे पाहून मला फार बरं वाटलं. यंत्राच्या मोजणीत असा प्रसंग येत नाही. इथे एका अनोळखी माणसाला काय म्हणायचं होतं, हे समजून घ्यायला पाच माणसं एका कागदावर वाकली होती.

रात्री साडेनऊच्या सुमारास पहिल्या पसंतीचे आकडे एकत्र झाले आणि कोटा जाहीर झाला. कोट्याचं गणित सोपं आहे. बाद मतपत्रिका वगळायच्या, उरलेल्या वैध मतांना दोनने भागायचं, उरलेली बाकी सोडून द्यायची आणि एक मिळवायचा. समजा एक लाख मतं वैध, तर कोटा ५०,००१. लोकसभेला, विधानसभेला असं नसतं. तिथे दहा जणांत ज्याची मतं जास्त तो निवडून येतो, मग बाकीच्या साठ-पासष्ट टक्क्यांना तो नको असला तरी. इथे कोटा गाठायला निम्म्यांहून जास्त लोकांच्या पसंतीत, पहिल्या नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या तरी, तुम्ही असायला हवं. मला ही पद्धत मनापासून आवडते, आणि ती आपल्याकडे फक्त वरच्या सभागृहांपुरती आणि राष्ट्रपती-उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीपुरती राहिली याचं वाईट वाटतं. आपली संविधान सभासुद्धा १९४६ साली प्रांतांच्या विधानसभांनी एकल संक्रमणीय मताने, म्हणजे याच पसंतीक्रमाच्या रीतीने निवडली होती.

आमच्याकडे कोटा कुणीच गाठला नव्हता. पहिला उमेदवार बराच पुढे होता, तरी निम्म्यापासून दूर. माझा उमेदवार तिसरा होता. त्या क्षणी मला कळलं की खरी मोजणी आता सुरू होणार.

बाद फेऱ्या सुरू झाल्या. सगळ्यात कमी मतं असलेला उमेदवार बाद, त्याच्या खणातले कागद बाहेर, प्रत्येकावरची पुढची पसंती वाचायची आणि त्या खणात टाकायचा. पुढची पसंतीही आधीच बाद झालेल्याला असेल, तर त्याच्याही पुढची. पहिल्या फेऱ्यांत मूठभर कागद असायचे, पण प्रत्येक फेरीनंतर बेरीज, ताळा, सह्या, ध्वनिक्षेपकावर घोषणा, प्रतिनिधींची हरकत आहे का ते विचारणं. हे सगळं वीस कागदांसाठी आणि दोन हजार कागदांसाठी सारखंच.

दोन वाजता एका फेरीचा ताळा तीन मतांनी चुकला आणि तो सापडेपर्यंत आम्ही बसून होतो. शेजारच्या टेबलावर आमच्या खात्यातले एक भाऊसाहेब होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी १९६९ सालच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचा किस्सा काढला. तीही याच पद्धतीने होते. पहिल्या पसंतीत वराहगिरी वेंकट गिरींना ४,०१,५१५ मतमूल्य (तिथे आमदार-खासदारांच्या एकेका मताला ठरावीक मूल्य असतं), नीलम संजीव रेड्डींना ३,१३,५४८ आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडणारे, त्यांना १,१२,७६९. कोटा होता ४,१८,१६९. कुणीच गाठला नाही. मग देशमुख आणि बाकीचे बाद होत गेले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली. त्यातून रेड्डींना जवळजवळ ९२ हजार मिळाले, गिरींना अठरा-साडेअठरा हजार. पण गिरींना साडेसोळा हजारांच्या आसपासच हवे होते. शेवटी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७. “देशाचा राष्ट्रपती दुसऱ्या पसंतीवर ठरलाय,” भाऊसाहेब म्हणाले, “आणि आपली माणसं म्हणतात दोन नंबर कशाला लिहायचा.” मी गप्प बसले. तेवढ्यात ती तीन मतं सापडली. एका गठ्ठ्यात पंचवीसऐवजी अठ्ठावीस कागद होते.

पहाटेपर्यंत आणखी एक ढीग वाढत गेला होता आणि मला तो डोळ्यांसमोरून हलवता येत नव्हता. बाद उमेदवाराच्या कागदावर पुढची पसंतीच नसेल तर तो कुठे टाकायचा? त्याला नियमांच्या भाषेत एक्झॉस्टेड म्हणतात, आम्ही टेबलावर ‘संपलेली’ म्हणत होतो. संपलेली मतपत्रिका बाद नसते. ती वैध आहे, पहिल्या फेरीत मोजली गेलेली आहे, कोटा काढताना धरलेली आहे. फक्त इथून पुढे तिला काही म्हणायचं नाही. १ नंतर एकदम ३ लिहिला, मधला २ नाही, तर संपली. २ दोघांपुढे लिहिला, तरी संपली. पण बहुतेक तशा नव्हत्याच. बहुतेकांवर नुसता एक होता आणि खाली पांढरं.

सकाळी आठला मोजणीला चोवीस तास झाले तेव्हा पाच उमेदवार उरले होते. मग चार. मग माझ्या उमेदवाराचं नाव ध्वनिक्षेपकावर आलं. चौथा बाद झाल्यावर तोच सगळ्यांत खाली राहिला होता. त्याचे गठ्ठे टेबलांवर वाटले गेले, आमच्याकडे काही आले.

मी पहिला गठ्ठा सोडला. कागद उघडला: एक, बाकी कोरं. संपलेली. दुसरा: एक, बाकी कोरं. तिसऱ्यावर छान ओळीने एक ते सहा आकडे होते, तो कागद पहिल्या दोघांपैकी एकाच्या खणात गेला आणि मला त्या अनोळखी मतदाराबद्दल आदर वाटला. त्याने सगळी नावं वाचली होती, विचार केला होता, माझा माणूस येणार नसेल तर मग कोण, हे स्वतःला विचारलं होतं. मग पुन्हा एक, कोरं. एक, कोरं. जाळीपलीकडे त्या उमेदवाराचा प्रतिनिधी उभा होता, चेहरा ओळखीचा. घरी येऊन “फक्त एक लिहा” सांगणाऱ्यांतला तो होता. दर कागदागणिक तो मान खाली घालत होता. त्याच्या माणसाला मानणारे हजारो लोक शेवटच्या दोघांत कोण बरा हे ठरवू शकले असते. त्यांनी तो हक्क वापरलाच नाही, कारण वापरू नका असं त्यानेच त्यांना सांगितलं होतं. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्यालाही हे कुणी शिकवलं नव्हतं.

माझी मतपत्रिका त्या गठ्ठ्यांत होती का, मला माहीत नाही. मी शोधली नाही. शोधायची नसते, आणि नुसता एक लिहिलेल्या शेकडो कागदांत ती ओळखूही आली नसती. माझ्या हाताने मी एकेक संपलेल्या ढिगावर ठेवत गेले. शेवटच्या दोघांपैकी एक जण मला चालला असता, दुसरा अजिबात नको होता. हे मत मला होतं, पक्कं होतं, मतदानाच्या दिवशीही होतं. त्याला जागाही होती, कागदावर, एका बोटाच्या अंतरावर. मी लिहिलं नाही.

दुपारी दीडच्या पुढे शेवटची बेरीज झाली. दोघांपैकी कोटा कुणीच गाठला नाही. कोटा एकदा ठरला की तो बदलत नाही, कागद कितीही संपोत. अशा वेळी कमी मतांचा बाद होतो आणि एकटा उरलेला निवडून येतो. तसं झालं. निवडून आलेल्याला मनापासून शुभेच्छा द्यायला मी उठले, कारण पद्धत चोख पार पडली होती आणि त्याचा विजय खरा होता. पण फळ्यावर लिहिलेले दोन आकडे मी वाचले होते. शेवटच्या दोघांतलं अंतर एका ओळीत आणि संपलेल्या मतपत्रिकांची एकूण संख्या खालच्या ओळीत. खालचा आकडा मोठा होता.

बाहेर फटाके सुरू झाले तेव्हा आम्ही पाकिटं बांधत होतो. वैध मतपत्रिका उमेदवारवार, बाद वेगळ्या, संपलेल्या वेगळ्या. भाऊसाहेबांनी विचारलं, “सहापर्यंत घरी जाणार होतीस ना?” मी नुसती हसले. ऑफिसातल्या त्या चौघांची आठवण येत होती, ज्यांचे अर्ज मी भरून घेतले होते. नाव नोंदवा म्हणून मी महिनाभर त्यांच्या मागे होते आणि मत कसं द्यायचं यावर आमच्यात एक वाक्यही झालं नव्हतं. संपलेल्यांचं आमच्या टेबलाचं पाकीट माझ्याकडे आलं. गठ्ठे मी पुन्हा एकदा मोजले, पाकिटावर संख्या आकड्यांत लिहिली, खाली अक्षरी लिहिली, सही केली आणि लाखेसाठी पुढे सरकवलं.